शब्द संपल्यावर पडदा

पडदेवाल्यांना सख्ख्या भावाला निरोप देताना डुलकी लागली, ही बातमी ते स्वतः घरी पोचायच्या आत इमारतीत पोचली होती. पहिल्या मजल्यावर ती डुलकी होती, दुसऱ्या मजल्यावर तिची गाढ झोप झाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत जाईस्तोवर पडदेवाले चक्क घोरायला लागले होते. काकू तिथे हजर नव्हत्या. पण बातमी सांगण्यासाठी हजर असावं लागतं, असं काकूंनी आजवर कधी मानलेलं नाही. जिन्याखालचा इस्त्रीवाला म्हणाला, "झोप कसली, घेतली असेल थोडी. भाऊ गेलाय, माणूसच आहे." झालं. संध्याकाळपर्यंत त्या थोडीची अर्धी बाटली झाली.

खरं सांगायचं तर झोपही नव्हती आणि बाटलीही नव्हती. त्या सकाळी त्या सभागृहात टक्क जागं असं एकच माणूस होतं, आणि ते काचेच्या खोलीत बटणासमोर बसलेलं होतं. मग एवढा वेळ पडदा का पडला नाही आणि भरल्या सभागृहात नुसतं खर्र-टक, खर्र-टक का वाजत राहिलं, हे कळायला आधी त्यांचं काम कळायला हवं. ते फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण ज्यांच्यासाठी ते केलं जातं ती माणसं परत येऊन काही सांगत नाहीत.

गावाच्या कडेला, जिथे बस वळते तिथे, ती लांबट बसकी इमारत आहे. आत खुर्च्यांच्या रांगा, समोर एक चौथरा, त्यावर गेलेलं माणूस. चौथऱ्यापुढे राखाडी जाड पडदा, आणि मागच्या दारापलीकडे विजेची भट्टी. डाव्या हाताला कपाटाएवढी काचेची खोली. त्या खोलीत एक स्टूल, गाणी लावायचं यंत्र आणि पडद्याचं बटण. पूर्वी पडदा दोरीनं ओढावा लागे, तेव्हा त्यांना पडदेवाले हे नाव पडलं. पुढे मोटर आली, दोरी गेली, तळहाताचे घट्टेही गेले, पण नाव काही गेलं नाही. त्यांची बायको होती तोवर तीसुद्धा चारचौघांत "आमचे पडदेवाले" म्हणायची, आणि घरात दोघंच असताना काय म्हणायची ते भिंतीतून नीट ऐकू येत नसे.

पद्धत अशी. घरच्यांना अर्धा तास मिळतो. कुणी दोन शब्द बोलतं, मग गेलेल्याच्या आवडीचं एक गाणं लागतं, त्या गाण्यात पडदा हळूहळू बंद होतो आणि माणसं बाहेर पडतात. बाहेर पुढचं कुटुंब ताटकळत उभं असतं. मॅनेजर दारात घड्याळ बघत असतो.

सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळे तेच ते संथ, गंभीर संगीत आणायचे. ते कुठेही तोडलं तरी कुणाला कळत नसे, आणि पडदेवाल्यांना तर मुळीच नाही. मग हळूहळू चौथऱ्यावरची माणसं बदलली. ज्यांनी तरुणपणी खांद्यापर्यंत केस वाढवले, पायघोळ विजारी घातल्या आणि खोलीचं दार लावून रेकॉर्डी वाजवल्या, त्यांचीच पाळी आली. ज्या पिढीनं आईबापांची झोप उडवली तीच आता कायमची झोपायला येऊ लागली, आणि येताना आपली गाणी घेऊन आली.

असलं पहिलंच गाणं लागलं तेव्हा पडदेवाल्यांनी सवयीप्रमाणे वेळ बघितली आणि बटण दाबलं. गाणारा नेमका त्या क्षणी कुणाला तरी काकुळतीला येऊन सांगत होता की अजून थोडं थांब. पहिल्या रांगेतली बाई ताडकन उठली. "अहो, तो थांब म्हणतोय ना," ती म्हणाली. आरडाओरडा काही केला नाही, भाजीवाल्याला वजन चुकल्याचं सांगावं तसं म्हणाली. पण मोटर एकदा सुरू झाली की मधे थांबत नाही. पडदा सरकत राहिला आणि ती बाई उभीच राहिली.

त्या दिवशी पडदेवाल्यांनी डबा तसाच झाकून ठेवला. ते उठले आणि थेट दादाकडे गेले.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून स्वतःचे डोळे बारीक करून बसायचा आणि घरी आला की डोळे मिटून रेकॉर्ड ऐकायचा. तरुणपणी त्यानं चार टाळक्यांबरोबर बँड काढला होता. बँड फुटला, टाळकी पांगली, गिटार तेवढी भिंतीवर उरली. तिच्या खुंट्यांना वहिनी पिशव्या अडकवायची. दादा कुरकुरायचा, मग स्वतःची छत्रीही तिथेच अडकवायचा.

ह्या दोघा भावांत जन्मभराचं एक भांडण होतं. लहानपणी दोघांची एकच खोली. दादा रेकॉर्ड लावून आडवा पडायचा आणि धाकट्याला झोप यायची. गाणारा गप्प झाला की धाकट्याला वाटायचं गाणं संपलं. तो उठायचा, सुई उचलायचा आणि दिवा घालवायचा. नेमकी तिथेच गिटार सुरू व्हायची असायची. अंधारातून दादाची उशी यायची. "अरे गाढवा, ते बोलायचे थांबलेत फक्त. गाणं आत्ता सुरू होतंय." हे इतक्या वेळा झालं की पुढे घरात कुणी वाक्य अर्धं तोडलं, दूध उतू जायच्या आधी गॅस बंद केला, लवकर उठून गेलं, की दादा म्हणायचा, "ह्यानं सुई उचलली."

तर त्या दिवशी पडदेवाले दादाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय रे, चेहरा असा का? तुमच्याकडे कुणी उठून बसलं की काय?"

"बसलं असतं तर बरं झालं असतं," पडदेवाले म्हणाले आणि घडलेलं सांगितलं.

दादानं हसून घेतलं. मग त्या बाईचं उभं राहणं ऐकल्यावर हसू आवरलं. त्यानं वहिनीला रेडिओ बंद करायला सांगितला, एक रेकॉर्ड काढली, बाहीनं पुसली आणि धाकट्याला समोर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकट्यानं सुईला हात न लावता ते गाणं पुरतं ऐकलं. शब्द थांबले. एकच गिटार पुढे आली, आधी बिचकत, मग धीर करून, मग अशी की खोलीतली हवा तिनं ओढून घेतली असं वाटावं.

"कळलं?" दादा म्हणाला.

"आवाज मोठा आहे."

"धन्य आहेस. अरे, माणूस गातो तोवर लोक त्याचं ऐकत बसतात. तो काय म्हणतोय, कुणाला म्हणतोय. तो गप्प झाला की धरायला काही राहत नाही. मग जो तो आपापलं ऐकतो. तेव्हा बटण दाब. शब्दावर पडदा टाकायचा नाही. लक्षात ठेव, तुझ्या डोक्यात राहील असं एवढंच सांगतोय."

वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, तेवढं ऐका त्यांचं. दुसरं कुठलं ऐकलं नाहीत तरी चालेल."

त्या दिवसापासून पडदेवाल्यांचं काम बदललं. घरच्यांनी गाणं दिलं की ते आदल्या दिवशी काचेच्या खोलीत बसून ते ऐकायचे आणि शब्द नसलेली जागा हुडकायचे. कुठे गिटार असायची, कुठे ऑर्गन, एखाद्यात बासरी. पडद्याच्या रुळाला त्यांनी तेल घालायला सुरुवात केली, कारण काही जागा इतक्या हळू सुरू व्हायच्या की मोटरची घरघर लोकांना ऐकू जाई. पडदा किती वेळ घेतो आणि गिटार किती वेळ घेते ह्याचा मेळ त्यांना असा काही बसला की सूर सगळ्यांत वर जाऊन उतरायला लागे तेव्हा पडद्याच्या दोन कडा एकमेकींना टेकत. समोरच्यांना हे कधी कळलं नाही. त्यांना एवढंच कळायचं की इतका वेळ अडलेलं रडू नेमकं तिथे आलं. रडू घरी न नेता तिथेच सोडून माणसं बाहेर पडायची. भट्टीवाला, जो पडद्यामागे उभा असायचा आणि ज्याला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तोही म्हणाला, "हल्ली लोक लवकर जातात. काय केलंत?"

फजितीही झाली नाही असं नाही. एक हिशेबनीस गेले. आयुष्यभर पायरीवर पाय वाजू न देता चाललेला माणूस. त्यांनी मागे ठेवलेल्या गाण्यात मधला सगळा भाग नुसता ड्रमचा निघाला. पडदेवाल्यांनी नियम पाळला, बटण दाबलं आणि पडदा धडाड धडाड ठोक्यांवर सर्कशीतल्यासारखा सरकू लागला. मागच्या रांगेतली पोरं फिस्कन हसली. हिशेबनिसांची बायको थक्क होऊन म्हणाली, "हे असलं ऐकायचे? मला तर रोज टीव्हीचा आवाज कमी कर म्हणायचे." आणि मग तीच हसता हसता रडायला लागली आणि शेजारणीला सांगत राहिली की मला काहीच सांगितलं नाही बघा, काहीच सांगितलं नाही.

आमच्या इमारतीला ह्या सगळ्याचा पत्ता जिन्यात लागायचा. पडदेवाले कामावरून येताना दिवसभरातली गिटार तोंडानं वाजवत चढायचे. ट्यँव, ट्यँव, मग दम लागला की एक लांब ट्यँऽऽ. तिसऱ्या मजल्याच्या काकू दार किलकिलं करून विचारायच्या, "आज कोण?" आणि सूर संथ असला तर स्वतःच उत्तर द्यायच्या, "म्हातारं असणार." इस्त्रीवाल्यानं तर एकदा त्यांना सरळ विचारलं, "काका, माझ्यासाठी कुठली ठेवलीय?" पडदेवाले म्हणाले, "आधी माझा शर्ट दे, मग बघू."

मग दादाची छाती बिघडली. चष्म्याच्या दुकानातली काचेची धूळ होती की सिगारेटी होत्या, ह्यावर डॉक्टर आणि वहिनी ह्यांचं एकमत झालं नाही. शेवटी शेवटी तो खिडकीपाशी उशांना टेकून बसलेला असायचा आणि एक वाक्य दोन श्वासांत बोलायचा. धाकटा रोज कामावरून जाऊन बसायचा. भिंगं, भाडेकरू, गुडघे, सगळ्यांवर बोलणं व्हायचं. एका दुपारी दादानं त्याला आपली सगळ्यांत जुनी रेकॉर्ड लावायला सांगितली. तीच, जिच्यावरची सुई लहानपणी सर्वांत जास्त वेळा उचलली गेली होती.

ह्या गाण्यात गिटार मधे नाही, शेवटी आहे. शब्द संपतात आणि मग ती एकटी निघते, ती थांबतच नाही. गाणं थांबवणाऱ्या रेकॉर्डवाल्यांनी नुसता आवाज बारीक करत नेलाय. दादाचा त्यावर जुना राग होता.

"तो थांबला नव्हता," तो म्हणाला. "वाजवणारा. तो वाजवतच होता. ह्यांनी आवाज कमी केला... आणि म्हणे संपलं. पुढचं कुठे गेलं?"

"गेलं असेल कुठेतरी. तू बोलू नकोस फार."

"माझ्या वेळेला हे लाव. माझीच रेकॉर्ड." श्वास. "आणि पुरतं वाजू दे. गिटारीत पडदा टाकू नकोस. मला ती अख्खी ऐकायचीय... पडद्याच्या अलीकडून."

"माझा नियम तूच शिकवलास ना."

"लोकांसाठी. मी काय लोक आहे?" तो खोकला, आणि खोकला थांबल्यावर हसला. "आणि बटण तूच दाब. त्या भट्टीवाल्याच्या हाती देऊ नकोस. तो तर शब्दांच्याही आधी सुई उचलेल."

पडदेवाल्यांनी मान हलवली. मान हलवून झाल्यावर अडचण लक्षात आली. गाणं पुरतं वाजवायला अडचण नव्हती, वेळ थोडा जास्त लागला असता एवढंच. अडचण अशी होती की गिटारीत पडदा टाकायचा नाही म्हटल्यावर ती संपल्यावर टाकायचा. आणि जी गिटार संपतच नाही ती संपली हे ठरवणार कोण? तर बटणावर ज्याचं बोट आहे तो.

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या खुर्च्या भरल्या होत्या. चष्म्याच्या दुकानाचे मालक आले होते. जुन्या बँडमधलं एक टाळकं आलं होतं, त्यावर आता एकही केस नव्हता. वहिनी पहिल्या रांगेत होती, मांडीवर रेकॉर्डीचं रिकामं पाकीट. मॅनेजरनं चांगुलपणानं म्हटलं, "अहो पडदेवाले, आज तुम्ही पुढे बसा, घरचे आहात. भट्टीवाला दाबेल."

"नको," पडदेवाले म्हणाले. "तो सुई उचलेल."

मॅनेजरला काही कळलं नाही. भावाच्या दुःखानं माणूस बोलतो काहीबाही, असं समजून तो दारात घड्याळाकडे गेला.

काचेच्या खोलीत पडदेवाल्यांनी घरून आणलेला रेकॉर्ड प्लेअर जोडला होता. रेकॉर्ड बाहीनं पुसून लावली. सुई टेकली. गाणारा गाऊ लागला, त्याचे शब्द संपले, आणि समोरच्या खुर्च्यांतून नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले, कारण गिटार निघाली होती. बोट आपोआप बटणावर गेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि हात मांडीखाली घेऊन त्यावर बसले, परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे.

गिटार चढली, उतरली, पुन्हा चढली. मग ती बारीक होऊ लागली. म्हणजे ते थांबवणारे, तिकडे कुठे तरी बसलेले, आपलं काम करू लागले होते.

तेव्हा पडदेवाल्यांनी दुसऱ्या हातानं आवाजाची पट्टी वर सरकवली. गिटार जेवढी मागे जाईल तेवढी ह्यांची पट्टी वर. ती दूर जात होती आणि हे तिच्या मागे चालले होते. सभागृहातल्या लोकांना वाटलं गाणं तसंच आहे. गाणं तसंच नव्हतं. जिथे ते दादाच्या खोलीत नेहमी विरून जायचं ती जागा केव्हाच मागे पडली होती, आणि गिटार अजून ऐकू येत होती. पट्टी टोकाला गेली. आता सुरांपेक्षा रेकॉर्डीची खरखर मोठी झाली होती, आणि त्या खरखरीत, पावलांच्या आवाजाएवढे, आणखी तीन-चार सूर होते. ते कुणी कधी ऐकले नव्हते. दादानंही नाही.

मग तेही गेले. सुई शेवटच्या रेघेत शिरली आणि गोल गोल फिरू लागली. खर्र-टक. खर्र-टक. आवाज टोकाला असल्यानं ते टक अख्ख्या सभागृहात कुणीतरी दार वाजवावं तसं घुमत होतं.

लोक थांबले. एकमेकांकडे बघू लागले. मॅनेजर काचेपाशी आला आणि बोटांनी वाजवू लागला. आतमधे पडदेवाले डोळे मिटून, मान खाली घालून, हातावर बसलेले. काचेबाहेरून बघणाऱ्याला काय वाटणार? दुसऱ्या रांगेतला एक जण शेजारच्याला म्हणाला, "झोपला वाटतं." तोच आमच्या पहिल्या मजल्यावरच्यांचा मेहुणा. पुढची सगळी बातमी त्याच्या कृपेनं.

पडदेवाले ऐकत होते. कदाचित अजून एखादा सूर असेल. आणि सूर नसला तरी सुई उचलायची नव्हती. जन्मभर जी उचलली ती आज उचलायची नव्हती. उचलली की मग बटण होतं, आणि बटणानंतर दादा पडद्याच्या पलीकडे असणार होता.

बाहेरचं कुटुंब दारातून डोकावू लागलं. मॅनेजर काच वाजवतच होता. शेवटी वहिनी उठली. रिकामं पाकीट छातीशी धरून खुर्च्यांच्या कडेनं चालत आली, मॅनेजरला नुसत्या नजरेनं बाजूला केलं आणि काचेच्या खोलीचं दार उघडून आत डोकं घातलं.

"भाऊजी."

त्यांनी डोळे उघडले.

"ऐकलं त्यांनी," वहिनी म्हणाली. "सगळं ऐकलं. आता दाबा."

पडदेवाल्यांनी मांडीखालून हात काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या, बोट जागेवर जाईना. वहिनीनं त्यांचं मनगट धरून बटणापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. दाबलं त्यांनीच. रुळाला तेल होतं, मोटर ऐकू आली नाही. सुईच्या टकटकीवर पडदा सावकाश चालत आला आणि दोन कडा एकमेकींना टेकल्या. त्यानंतर त्यांनी सुई उचलली. पडद्यामागून भट्टीवाल्याचा हलका आवाज आला, "घेऊ का?" आणि पडदेवाले म्हणाले, "घे."

मॅनेजर नंतर पुष्कळ बोलला. पुढच्या कुटुंबाचा वेळ गेला, यंत्र बिघडलं असतं, नियम सगळ्यांना सारखे. पडदेवाल्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. ते मात्र पुरतं ऐकायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ते इमारतीत शिरले तेव्हा इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी बैठक भरलेलीच होती. बगलेत रेकॉर्ड, डोळे सुजलेले, त्यामुळे बातमी अधिकच खरी दिसत होती. जिन्यात आज ट्यँव नव्हतं. जो तो इस्त्रीच्या कपड्यांकडे बघू लागला. काकूंना मात्र गप्प बसणं जमत नाही, आणि खरं तर कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

"भाऊजी, राग मानू नका," काकू म्हणाल्या. "पण लोक म्हणतात, तुम्हाला तिथे झोप लागली. पडदा पाडायला किती उशीर केलात म्हणे."

पडदेवाल्यांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, रेकॉर्ड ह्या बगलेतून त्या बगलेत घेतली आणि म्हणाले,

"तो जन्मभर म्हणत आला की मी लवकर बंद करतो. आता तुम्ही म्हणता उशीर केला. तुमचं आणि त्याचं आधी काय ते ठरू द्या, मग मला सांगा."